बागेतले ढालकिडे ओळखताना ठिपके सर्वांत शेवटी मोजावेत

प्रश्न असा आहे: पुण्यातील एम्प्रेस गार्डनमध्ये मुलीबरोबर फिरताना लाल, पिवळे, काळे आणि पट्टेरी असे निरनिराळे लेडीबग, म्हणजेच ढालकिडे, दिसले, फोनमधल्या ॲपने त्यांपैकी बहुतेकांना ‘सात ठिपक्यांचा’ ठरवले आणि जितके ठिपके तितके किड्याचे वय, असे कोणीतरी सांगितले. तर हे किडे नेमके ओळखायचे कसे आणि बागेत शोधायचे कुठे?

वयाची गोष्ट आधी निकालात काढू, कारण ती मुलांच्या मनात फार लवकर घर करते. ठिपक्यांचा आणि वयाचा काहीही संबंध नाही. कोषातून नुकताच बाहेर पडलेला ढालकिडा फिकट पिवळा आणि ओलसर असतो व त्याच्या पाठीवर ठिपक्यांचा मागमूसही नसतो. पुढच्या काही तासांत पंखकवचे, म्हणजे पाठ झाकणारे वरचे दोन पंख, कडक होतात, त्यांवर काळा रंग उमटतो आणि मग मरेपर्यंत ठिपक्यांची संख्या तीच राहते. तांबडा रंग मात्र पुढे काही दिवस गडद होत जातो, त्यामुळे एकाच जातीचे दोन किडे शेजारी बसलेले असले तरी एक नारिंगी आणि दुसरा लालभडक दिसू शकतो. रंगावरून जात ठरवण्याची घाई करू नये, याचे हे पहिले कारण.

ओळखण्याची जी पद्धत मी नवशिक्यांना आग्रहाने सांगतो ती अशी, की आधी झाड पाहावे, मग त्या झाडावर किडा काय खातो आहे ते पाहावे, त्यानंतर त्याच्या डोक्यामागचा भाग नीट निरखावा आणि ठिपक्यांकडे सर्वांत शेवटी वळावे. जगात ढालकिड्यांच्या सुमारे सहा हजार जाती ज्ञात आहेत आणि भारतातही त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. पण एका विशिष्ट झाडावर, विशिष्ट भक्ष्याजवळ भेटणाऱ्या जाती थोड्याच असतात. झाड आणि भक्ष्य कळले की शक्यता झपाट्याने कमी होतात. केवळ पाठीचा फोटो दिलेल्या ॲपला ही माहिती मिळत नाही. शिवाय युरोप-अमेरिकेतील बागांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शिकांमधल्या बऱ्याच जाती आपल्याकडच्या बागेत भेटत नाहीत, म्हणून त्यांतील चित्रांशी आपला किडा जुळवत बसण्यात वेळ जातो आणि हाती फारसे काही लागत नाही.

शोधायचे कुठे, याचे उत्तर म्हणजे जिथे मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड या रस शोषणाऱ्या किडी किंवा भुरी ही पानांवरची बुरशी आहे तिथे. काटेकोरपणे राखलेल्या, वारंवार औषध फवारलेल्या फुलांच्या ताटव्यांत ढालकिडे कमी मिळतात. कुंपणालगतची रुई, कण्हेरीच्या कोवळ्या फांद्या, जास्वंदीचे शेंडे, सीताफळ, पेरू, शेवंतीच्या कुंड्या, कंपोस्टच्या खड्ड्याजवळ माजलेले गाजर गवत आणि कामोणी या जागा आधी पाहाव्यात. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने लावलेले गिरिपुष्प हिवाळ्याच्या अखेरीस फुलते, तेव्हा त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांवर काळा मावा बसतो. त्या दिवसांत तळजाईच्या वनउद्यानात अर्धा तास शांतपणे उभे राहिले तरी एखाद्या सुबक हिरवळीच्या बागेत दिवसभरात दिसणार नाही इतके पाहायला मिळते. पाने चिकट लागत असतील, त्यांवर काजळीसारखी काळी बुरशी धरली असेल किंवा मुंगळ्यांची रांग एखाद्या फांदीवर सतत वरखाली करत असेल, तर वर रस शोषणारी कीड आहे हे नक्की समजावे आणि फांदी वाकवून पानांची खालची बाजू पाहावी. मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात, त्यामुळे मुंग्यांची गर्दी असलेल्या फांदीपेक्षा तिच्या शेजारच्या, मुंग्या विरळ असलेल्या फांदीवर ढालकिडा मिळण्याची शक्यता अधिक.

पुण्याच्या हवेत पावसाळा सरता सरता, म्हणजे सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. हिवाळ्यात दोन-चार दिवस ढगाळ गेले की मावा वाढतो, आणि त्याच्यामागोमाग ढालकिडेही वाढतात. एप्रिल-मेच्या उन्हात ते फार कमी दिसतात. दिवसातली वेळ म्हणाल तर ऊन कोवळे असताना, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, त्यांची हालचाल अजून संथ असते आणि फोटो काढणे सोपे जाते. फांदीखाली पांढरे कापड किंवा उलटी उघडलेली फिक्या रंगाची छत्री धरून फांदी हलकेच दोन-तीनदा झटकली, तर पानाआड दडलेले बारीक किडेही खाली पडतात. पडल्यावर ते पाय पोटाशी घेऊन निपचित राहतात. थोडे थांबले की पुन्हा चालू लागतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असणे मात्र आवश्यक आहे.

आता प्रत्यक्ष ओळख. किडा ढालकिडाच आहे का, हे आधी ठरवावे. अंग वरून घुमटासारखे आणि खालून सपाट, डोके पुढच्या ढालीखाली अर्धे झाकलेले, आणि मिशा इतक्या आखूड व टोकाशी जाडसर की भिंगाशिवाय त्या चटकन दिसतच नाहीत, ही तीन लक्षणे एकत्र असावी लागतात. मिशा लांब, दोऱ्यासारख्या आणि सहज दिसणाऱ्या असतील तर बहुधा तो पाने खाणारा दुसऱ्याच कुळातला भुंगेरा असतो. पाठीवर पंखकवचांची सरळ शिवण, म्हणजे दोन्ही कवचे जिथे मिळतात ती मधली रेघ, नसेल आणि तोंडाच्या जागी पोटाखाली दुमडलेली सोंड असेल, तर तो भुंगेराच नव्हे, ढेकणांच्या गटातला कीटक आहे. झाडांच्या बुंध्याशी थव्याने फिरणारी लाल ढेकण्यांची पिल्ले मुले हमखास लेडीबग म्हणून दाखवतात, ती याच दुसऱ्या गटातली. बागेच्या कुंपणावर चढलेल्या गारवेलीवर किंवा रताळ्याच्या वेलावर सोनेरी झाक असलेला, कडेने पारदर्शक झालर असलेला जो सपाट किडा दिसतो तो कासव भुंगेरा. ढालकिड्याच्या कडेला अशी आरपार दिसणारी झालर कधीच नसते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पट्टेरी किड्यांचा, आणि आपण पाहिलेल्या पट्टेरी किड्याच्या बाबतीतही तो झाला असण्याची शक्यता आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. गाजर गवत भारतात ठळकपणे लक्षात आले ते १९५५ च्या सुमारास, पुण्यातच. त्याच्या बंदोबस्तासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकलोराटा हा भुंगेरा बंगळुरूला आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडण्यात आला. आज महाराष्ट्रात तो सर्वत्र पसरला आहे आणि शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगेरा म्हणूनच ओळखतात. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या, काहीशा वेड्यावाकड्या रेघा, तपकिरी डोके, पाच-सहा मिलिमीटर लांबी आणि स्पष्ट दिसणाऱ्या मिशा अशी त्याची ठेवण असते. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने कुरतडताना दिसतात, आणि थंडी सुरू झाली की प्रौढ मातीत शिरून सुप्तावस्थेत जातात. तो घुमटाकार आणि देखणा असल्यामुळे लेडीबग म्हणून त्याचे फोटो सर्रास फिरतात, परंतु ढालकिड्यांच्या कुळाशी त्याचा संबंध नाही.

आता त्याच गाजर गवतावर पांढऱ्या, कापसासारख्या पिठ्या ढेकणांची वस्ती झालेली असेल, तर तिथे ब्रुमॉइडेस सुचुरॅलिस हा खरा पट्टेरी ढालकिडा भेटू शकतो. त्याची लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, पाठ फिकट पिवळसर तपकिरी, आणि तिच्यावर फक्त तीन काळ्या उभ्या रेघा असतात: एक मधल्या शिवणीवर आणि एकेक दोन्ही पंखकवचांवर. दोघांमधला फरक भिंगाशिवायही कळतो. एक पान खात असतो आणि पानाच्या कडा कुरतडलेल्या असतात. दुसरा पानाला तोंड लावत नाही, पिठ्या ढेकणांच्या पुंजक्यात डोके खुपसून बसतो. गाजर गवताने त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास होतो, तेव्हा लहान मुलांना ते हाताळू देऊ नये. हीच काळजी रुईच्या चिकाबाबतही घ्यावी, कारण तो डोळ्यात गेल्यास इजा होते.

रुई आणि कण्हेरीवरचा पिवळाधमक मावा ही ढालकिडे पाहण्याची माझी सर्वांत आवडती जागा आहे. इथे प्रामुख्याने दोन जाती दिसतात. पहिली चेलोमेनिस सेक्समॅक्युलाटा, आपल्या बागांमधली बहुधा सर्वांत विपुल जात. पाठ पिवळी, नारिंगी किंवा गुलाबीसर तांबडी, प्रत्येक पंखकवचावर दोन आडव्या नागमोडी काळ्या रेघा आणि टोकाजवळ एक काळा ठिपका हे तिचे नेहमीचे रूप. पण या जातीत विविधता इतकी आहे की रेघा रुंदावत एकमेकींना मिळाल्या की जवळजवळ सगळी पाठ काळी होऊन फक्त लाल डाग उरलेलेही किडे मिळतात. म्हणूनच डोके आणि पंखकवचे यांच्यामधला आडवा भाग, म्हणजे अग्रवक्ष, पाहण्याचा मी आग्रह धरतो. नेहमीच्या रूपात या जातीच्या फिकट अग्रवक्षावर मध्यभागी टी या इंग्रजी अक्षराच्या घाटाची काळी खूण असते, आणि पाठीची नक्षी बरीच बदलली तरी ती सहसा ओळखू येते. दुसरी जात कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस. तिचे अग्रवक्ष काळे असून पुढच्या दोन कोपऱ्यांत फिकट डाग असतात, पाठ लाल-नारिंगी, शिवणीवरून रुंद काळी रेघ गेलेली, खांद्याजवळ फाटे फुटलेली काळी खूण आणि मागच्या बाजूस आडवी पट्टी. म्हणजे फिकट अग्रवक्ष की काळे, एवढा एकच प्रश्न विचारला तरी या दोन जाती बहुतेक वेळा वेगळ्या होतात.

आपल्या ॲपने ज्याचे नाव सारखे पुढे केले तो सात ठिपक्यांचा ढालकिडा, कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा, हाही आपल्याकडे आहे, पण मुख्यतः हिवाळ्यात. तो आकाराने वरच्या दोघांपेक्षा मोठा असतो, आणि त्याचे ठिपके सुटे व गोल असतात: प्रत्येक पंखकवचावर तीन आणि सातवा शिवणीवर, अगदी पुढे, दोन्ही बाजूंना सामाईक. ठिपके एकमेकांना जोडून रेघा झाल्या असतील तर तो सात ठिपक्यांचा नव्हे, हे धरून चालावे. ट्रान्सव्हर्सालिस आणि सेप्टेम्पंक्टाटा यांची अग्रवक्षे जवळपास सारखीच असल्याने या एका जोडीसाठी मात्र पाठीची नक्षीच निर्णायक ठरते.

पिवळ्या किड्याबद्दल आपण विचारले आहे. पाठीवर एकही ठिपका नसलेला, लिंबासारखा पिवळा आणि फिकट अग्रवक्षावर दोन काळे टिपके असलेला किडा इलेइस वंशातला असतो. तो मावा खात नाही. पानांवर पिठासारखी पसरणारी भुरी हे त्याचे अन्न आहे, आणि तुतीवर किंवा भोपळावर्गीय वेलांच्या भुरी पडलेल्या पानांवर तो भराभर धावताना दिसतो. त्याच्या पिवळट अळ्यांवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि त्याही तीच बुरशी खातात. भुरी पडलेले पान रोगट म्हणून आपण नजरेआड करतो, पण शोधण्यासारखे असते ते नेमके तेच पान.

काळ्या किड्यांत दोन नावे लक्षात ठेवावीत. चकचकीत, गोल, जणू काळ्या मण्यासारखा दिसणारा चिलोकोरस निग्रिटा हा खवले किडीचा शत्रू असून बांबू, नारळ, पेरू यांच्या खोडावर आणि पानांवर सापडतो. त्याचा कोष अळीच्या उकललेल्या काटेरी कातडीतच राहतो आणि असे अनेक कोष एकत्र असतात, त्यामुळे किडा उडून गेलेला असला तरी जागेची खात्री पटते. हा आपल्या उपखंडातला किडा १९३८ मध्ये सेशेल्स बेटांवर नारळावरच्या खवले किडीसाठी नेण्यात आला आणि तिथे चांगला यशस्वी झाला. दुसरा क्रिप्टोलीमस मॉन्ट्रोझिएरी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये दक्षिण भारतात कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी तो आणला गेला आणि आज पिठ्या ढेकणांवरचा उपाय म्हणून प्रयोगशाळांत वाढवून विकला जातो. त्याची पाठ काळसर असून डोके, अग्रवक्ष आणि पंखकवचांचे टोक नारिंगी असते. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या लांब तंतूंनी इतकी झाकलेली असते की ती एखादा मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. हात लावला की ती चटचट चालू लागते; पिठ्या ढेकूण एवढ्या वेगाने कधीच चालत नाही. जास्वंदीवरची ही पांढरी अळी माळी मोठ्या तत्परतेने चिरडतात आणि नंतर पिठ्या ढेकूण वाढला म्हणून औषध मारतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. याच सवयीचे पण दोन-अडीच मिलिमीटरचे तपकिरी, केसाळ ढालकिडे दिसले तर स्किम्नस गटातले असे नोंदवून थांबावे. त्यांची नेमकी जात फोटोवरून ठरत नाही.

आणि शेवटी असा ढालकिडा, जो वनस्पतीच खातो. कामोणी, धोतरा किंवा बागेतल्या वांग्याच्या पानांवर मळकट नारिंगी, चमक नसलेला, पाठभर बारीक लव असलेला आणि भरपूर ठिपक्यांचा किडा दिसला तर तो हेनोसेपिलॅक्ना, ज्याची एक जात २८ ठिपक्यांची म्हणून प्रसिद्ध आहे. इथेही ठिपके मोजण्याआधी भिंगातून पाठ पाहावी. मावा खाणारे आपले नेहमीचे मोठे ढालकिडे गुळगुळीत आणि चकचकीत असतात, याच्या पाठीवर मात्र तिरप्या प्रकाशात लव स्पष्ट दिसते. त्याने खाल्लेले पानही वेगळे ओळखू येते, कारण तो हिरवा गर ओळीओळीने खरवडून काढतो आणि शिरांची जाळी मागे राहते. त्याच्या पिवळ्या अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात.

अळ्यांकडे लक्ष दिल्याखेरीज ढालकिड्यांचा अभ्यास अर्धाच राहतो. माव्याच्या वस्तीजवळ पानाखाली पिवळ्या, लांबट, उभ्या रचलेल्या अंड्यांचा पुंजका दिसला की ती जागा लक्षात ठेवावी. उबदार हवेत तीन-चार दिवसांत त्यातून काळपट, सहा लांब पायांच्या अळ्या बाहेर पडतात आणि अंडी ते प्रौढ हा सगळा प्रवास साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. रुईच्या पानावर वाढलेली चेलोमेनिसची अळी भिंगातून पाहा. ती मावा जबड्यात धरून पानावरून किंचित वर उचलते, त्याचे पाय काही क्षण हवेत हलतात, पिवळे अंग सुरकुतत जाते आणि उरलेली पांढुरकी साल टाकून ती लगेच पुढच्याकडे वळते. कोष पानाला शेपटीच्या टोकाने चिकटलेला असतो आणि गवताच्या काडीने त्याला हलका स्पर्श केला तर तो एकदम ताठ उभा राहून पुन्हा खाली येतो. मुलांना हे दाखवावे, पण कोष पानावरून सोडवू नये. प्रौढ किडा हातात धरल्यास पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब सोडतो. तो पक्ष्यांना आणि मुंग्यांना दूर ठेवण्यासाठी असतो. त्याने अपाय होत नाही, तरी हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये.

फोटो काढताना एका किड्याचे किमान चार घ्यावेत: वरून पूर्ण पाठीचा, समोरून डोके व अग्रवक्षाचा, बाजूने उंची कळेल असा, आणि चौथा थोडा दूरवरून झाडाचे पान व त्यावरची कीड दाखवणारा. शक्य झाल्यास शेजारी मोजपट्टी ठेवावी, कारण तीन मिलिमीटरचा आणि सहा मिलिमीटरचा किडा फोटोत सारखाच दिसतो. काचेच्या लहान नळीत क्षणभर घेऊन पोटाचा फोटो काढून तो तिथल्या तिथे सोडता येतो. हे फोटो तारीख, ठिकाण आणि झाडाच्या नावासह आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकले की जाणकार नाव सुचवतात किंवा चूक दुरुस्त करतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने भारतीय ढालकिड्यांची छायाचित्रांसह माहिती संकेतस्थळावर दिलेली आहे. आपल्याकडच्या जातींसाठी पडताळणी तिथेच करावी. आपल्या पट्टेरी किड्याचा जुना फोटो अजून फोनमध्ये असेल तर त्यात मिशा दिसतात का आणि पाठीवर रेघा तीनच आहेत की त्याहून जास्त, हे मोठे करून पाहा. शेजारी गाजर गवताचे कुरतडलेले पान दिसले, तर उत्तर बहुधा तिथेच मिळेल.